सिनेमानं नाकारलेली तुकडी

सक्तीच्या भरतीच्या सोडतीत चिठ्ठी लाल निघाली म्हणून सैन्यात आलेल्या पोरांना कोराटच्या छावणीत मी बावीस वर्षं कवायत शिकवतोय, पण यंदाच्या तुकडीनं माझा घसाच बसवला. आठ आठवडे झाले, तरी 'डावा' म्हटलं की निम्मे पाय उजवे पडायचे. सोमवारी कर्नल साहेबांची तपासणी होती. ती पार पडली, तरच माझी नानला, घराजवळ बदली होणार होती.

शनिवारी बँकॉकहून सिनेमावाले आले. विनोदी चित्रपटासाठी त्यांना अगदी बावळट शिपाई हवे होते.

"हीच घ्या, यांच्यापुढे कोणी नाही," मी म्हणालो.

कॅमेरा सुरू झाला आणि तीसच्या तीस पोरं एका तालात चालली. एकाचीही टाच मागेपुढे नाही.

"अहो सार्जंट, ही कसली बावळट?" दिग्दर्शक वैतागला आणि सामान भरून निघून गेला.

मी तुकडीतल्या तोईला धरलं. याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही. "काय रे, आजच कुठून अक्कल आली?"

"सर, पडद्यावर आई बघणार होती ना!"

 

सोमवारी कर्नल साहेबांची जीप फाटकात शिरायच्या आत मी मैदानाच्या कडेला तीन बांबू शेंड्याला बांधून उभे केले, वर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला, त्यावर काळं कापड टाकलं आणि ओरडलो,

"अ‍ॅक्शन!"