नसलेला ब्रेक

“कोण चालवणार?” गाईड पोरीने विचारलं. तिच्या बोटात गाडीची चावी गरगर फिरत होती.

मास्तरांनी हात पुढे केला. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी त्यांनीच शिकवलेली, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यासारखाही नव्हता. पण त्यांच्या आधी त्यांच्या बायकोचा हात पुढे गेला होता.

“मी,” ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

“अगं, तुला कुठे येतं?”

“शिकवलं असतंत तर आलं असतं.”

शिकवायला घेतलं होतं त्यांनी, लग्न नवीन असताना. पहिल्याच वळणावर असे काही खेकसले की ती गाडीतून उतरून तरातरा चालत घरी गेली. तेव्हापासून हा विषय घरात कुणी काढला नव्हता. तो निघाला असा, सुट्टीला आल्यावर, एका बेटावर, समुद्र ओलांडून.

“रस्ता आमच्या मळ्यातला आहे, लायसनची भानगड नाही,” गाईड म्हणाली. “क्लच नाही, गिअर नाही. हा पळवायचा, हा थांबवायचा. मैदानात चकरा मारून दाखवा, जमलं तर माझ्या गाडीमागून या. वाटेत ओढा लागेल, पाण्यात थांबायचं नाही. डोंगरावर पोचलो की सीट बदला. येताना काका चालवतील.”

मैदानात जमलं. बिनदारांची, बिनकाचांची, जाड चाकांची ती बुटकी गाडी नारळांच्या रांगेतून लाल मातीच्या वाटेला लागली. मास्तरीणबाईंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. तिला एवढंच हवं होतं: मध्ये कुठेही ते नवऱ्याच्या हाती न देता वर पोचायचं.

“हळू. हळू! डावीकडे घे. अगं खड्डा! आरसा बघ, आरसा!”

“आरसाच नाहीये.”

मास्तरांनी पाहिलं. खरंच नव्हता. त्यांच्या तोंडाचा पट्टा क्षणभर थांबला, पाय मात्र थांबेना. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या बाजूला एक जादा ब्रेक असतो. इथे पायाखाली नुसता पत्रा होता, तरी प्रत्येक वळणाला ते तो धाडधाड दाबत होते.

मग ओढा आला. गाईडची गाडी पाणी उडवत पलीकडे गेली. पोरीने वळून हात हलवला.

“थांब,” मास्तर म्हणाले. “उतर. हे मी घेतो.”

“ती म्हणाली होती, पाण्यात थांबायचं नाही.”

“अगं, मी सांगतोय ना!”

बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि पळवायचा पेडल दाबला. मास्तरांनी पत्रा दाबला, होता नव्हता तेवढा जोर लावून. गाडी धाडकन पाण्यात शिरली, डुलली, घुरघुरली आणि दोघांना डोक्यापासून पायापर्यंत चिखलात न्हाऊ घालून पलीकडच्या काठावर चढली.

“मी ब्रेक दाबला होता!” मास्तर ओरडले.

“दाबलात ना? मग लागला का?”

मास्तरांनी खाली पत्र्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून चिखलाचा थेंब ओघळत होता. आधी ते फुसकन हसले, मग ती, आणि मग दोघांनाही हसू आवरेना. चढाची अर्धी वाट ती हसतच चढली. इतकं मोकळं आपल्याला कधी वाटलं होतं, हे तिला आठवेना.

डोंगरावर चहूकडे समुद्र होता. वारा कपडे फडफडवत होता.

“काका, आता तुमची पाळी,” गाईड म्हणाली.

बाई उतरल्या. त्यांनी चावी काढून नवऱ्यापुढे धरली. धरली खरी, पण बोटांतून सुटेना.

मास्तर गाडीला वळसा घालून आले. चावीकडे बघितलं, चिखलाने माखलेल्या त्या तोंडाकडे बघितलं आणि कण्हल्यासारखं केलं.

“नको बाई. पाय भरून आलाय माझा.”

“कशाने?”

“ब्रेक दाबून दाबून.”

ते परत आपल्याच सीटवर जाऊन बसले. बूट काढून बाजूला ठेवले, पट्टा लावला आणि जेवायला बसावं तशी मांडी घातली.

“हं, चल,” ते म्हणाले.

गाडी उताराला लागली तशी बाईंनी हळूच शेजारी नजर टाकली. मास्तरांनी डोळे गच्च मिटले होते, दोन्ही हातांनी स्वतःचेच गुडघे घट्ट धरले होते. पण मांडी मोडली नव्हती.