मुकुट न घातलेल्या गायी

"मुलाची आई विमानानं एवढ्या लांब आली, आणि मुलीची आई दारात नाही? पाणी कोण देणार, भिंत?" आल्प्सच्या डोंगरातल्या तळ्याकाठच्या त्या घरात शिरता शिरताच मी रणजितला सुनावलं. घरदार पटलं नाही तर लग्नाला नाही म्हणायचं, हे मी सांगलीहूनच ठरवून निघाले होते.

"आई, त्या डोंगरावरून गायी उतरवतायत. इथं सगळ्यांनी कुरणं विकून हॉटेलं बांधली, ह्यांनी मात्र गायी ठेवल्या. उन्हाळाभर डोंगरावर चारायच्या, आज खाली आणायचा सण. गायींना फुलांचे मुकुट घालतात."

तेवढ्यात घंटा वाजल्या. गायींमागून माझ्याच वयाची बाई आली. लेकीनं मुकुट पुढं केले, तर तिनं मान हलवली आणि डोळे पुसले.

रणजित मला हळूच सांगू लागला, "काल एक गाय कड्यावरून पडून मेली. एक जरी दगावली तरी त्या वर्षी कुणालाच फुलं नाहीत, अशी रीत आहे. पाहुणे आलेत, आज तरी घाल, असं मुलगी म्हणतेय. पण त्या ऐकत नाहीत."

कशाला ऐकेल? आमचा पाखऱ्या बैल गेला, त्या वर्षी बेंदराला मीही बाकीच्या बैलांची शिंगं रंगवू दिली नव्हती. गावानं मला खुळी म्हटलं होतं.

मी पुढं होऊन तिच्या हातातली काठी घेतली. "दमलात. बसा, विहीणबाई."

"विहीणबाई?" रणजितचा चेहरा फुलला. "म्हणजे पसंत?"

"बघत काय उभा राहिलास? हे लोक पाणी कुठं ठेवतात ते दाखव."