शंभर वर्षांची पेटी

सालीच्या अर्कात बस्त्याव सुताराचा फायदाच फायदा होता. एका प्रयोगशाळेने आइनाच्या झाडाच्या सालीतून काढलेल्या त्या अर्काचा एक हात दिला, की लाकडाला शंभर वर्षं बुरशी शिवत नसे. वसईतल्या चार चर्चची शवपेट्यांची कामं त्याच्याकडे आली. दुकानावर पाटी लागली: ‘शंभर वर्षांची गॅरंटी’.

“तुमचं गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतंय कुठलं,” त्याची बायको फिलू हसायची.

त्याची सगळ्यांत देखणी पेटी स्वतःच्या लेकीसाठी झाली. सात वर्षांची रोझलीन तापाने गेली, तेव्हा त्याने अर्काचे तीन हात दिले.

वीस वर्षांनी फिलू गेली. तिचं मागणं एकच होतं, “मला पोरीजवळ ठेवा.” त्यात अवघड काही नव्हतं. घराला कबर एकच. आधीची पेटी मातीत मिळाली की अस्थी बाजूला सारून तिथेच नवी उतरवायची, हा गावचा रिवाज.

क्रुसापाशी घरची कबर खणताना कबरस्तानातल्या जुजेची कुदळ ठक्क वाजली. त्याने माती झाडली. पेटी काल ठेवल्यासारखी चकचकत होती.

“काम चोख आहे, मामा,” तो हळू आवाजात म्हणाला. “खाली पाणी लागतंय, वर जागा नाही. आणि माती झाल्याशिवाय फादर पेटी हलवू देणार नाहीत.”

“माहीत आहे,” बस्त्याव म्हणाला. “अजून ऐंशी वर्षं आहेत.” फिलूला कबरस्तानाच्या कुंपणालगत मोकळ्या जागेत पुरलं.

नफा अर्कवाल्यांनाही झाला, नाव बस्त्यावला मिळालं. फिलू म्हणाली होती तशी तक्रार कुणाचीच आली नाही. किंमत मात्र दोघी मायलेकींनी मोजली, एकीने क्रुसापाशी आणि दुसरीने पार कुंपणापाशी.