टेबलाची उंची

"आता बघा अण्णा, हात अवघडत नाही ना?" टेबलाचं हँडल फिरवत वैजयंतानं विचारलं. व्हीलचेअरवरच्या अण्णांनी कोपर टेकवून पाहिलं आणि मान डोलावली.

जन्मभर अण्णांनी भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून नावं घातली होती. दोन्ही हात छिन्नी-हातोडीत गुंतलेले, म्हणून भांडं डाव्या पायानं दाबून धरायचं आणि अक्षर वळलं की पायानंच फिरवायचं. दिवाळीत शुगरनं तोच पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून त्यांनी छिन्नीला हात लावला नव्हता. म्हणून तर लेकीनं हे वर-खाली होणारं टेबल करून आणलं होतं, भांडं धरायला शिकंजा बसवून.

तिनं शिकंज्यात शेजारच्या नवरीचा तांब्या अडकवला. टकटक सुरू झाली. किती महिन्यांनी घरात तो आवाज येत होता! जीभ दातांत धरून अण्णा अगदी पूर्वीसारखे रंगून गेले. डोळे पुसत ती एक ढिला स्क्रू पिळायला टेबलाखाली शिरली.

समोर अण्णांच्या लेंग्याचा दुमडून टाचलेला पाय होता. वरची टकटक थांबली की तो मांडीसकट उचलायचा, हवेत जरासा वळायचा आणि पुन्हा खाली यायचा.

"वैजू," वरून अण्णांचा तंद्रीतला आवाज आला, "टेबल अजून थोडं खाली घे गं. पाय पोचत नाही."

"घेते हं, अण्णा," ती म्हणाली. पण टेबलाखालून तिला बाहेर येववेना.