धाकट्याची प्रत

"भावजी, डेटाची प्रत काढायला तुम्ही लिहिलेलं फंक्शन उंबरठ्यावरूनच परत येतं," वहिनी भात वाढता वाढता म्हणाली. "आत शिरतच नाही. प्रत नवी दिसते, पण पोटातला माल मूळ आणि प्रत दोघांत मिळून एकच."

दादा खो खो हसला. "शाळेत अभ्यासही असाच करायचा हा."

धाकट्यानं खाली मान घालून घास गिळला. ऑफिसात हीच प्रमुख आणि घरी हीच थोरली वहिनी. दिवसा चारचौघांत पाणउतारा करायचा आणि घरी आल्यावर तोच पुन्हा ताटात वाढायचा. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिला एकदा सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचंच, असं त्यानं तिथंच ठरवलं.

संधी आपणहून चालत आली. एका रुग्णालयाची माणसं डेमो बघायला येणार होती. वहिनीनं मरमर मरून आख्खं रुग्णालय सिस्टिममध्ये उभं केलं होतं. इमारतीत मजले, मजल्यांत खोल्या, खोल्यांत खाटा आणि खाटांवर खोटे रुग्ण. ते ऐन वेळी रिकामं निघालं, तर बॅकअप चढवायला अर्धा दिवस मोडणार. तोवर पाहुणे कशाला थांबतात! मग धाकट्यानं उठायचं, आपली प्रत उघडायची आणि म्हणायचं, माझ्याकडे आहे. घरी दादालाही कळू दे, कोण किती पाण्यात आहे ते.

डेमोच्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचला. प्रत काढायला वहिनीचं फंक्शन हाताशीच होतं. त्याच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्याच कुबड्या घेऊन तिला पाडायचं, तर मग सूड कसला?

त्याच्या स्वतःच्या फंक्शननं प्रत निघाली. खात्री करून घ्यायला त्यानं प्रतीवरचं रुग्णालयाचं नाव पुसून तिथं स्वतःचं घातलं आणि मूळ उघडून पाहिलं. तिथं जुनंच नाव होतं. झालं तर मग.

आता तो मुळाकडे वळला. एकेक खोली उघडून त्यानं आतल्या खाटा उडवल्या. सगळ्या एकदम उडवता आल्या असत्या, पण त्यात मजा नव्हती.

पाहुणे येऊन बसले. वहिनी उठली.

"आज मी नुसती बघणार आहे," ती म्हणाली. "माझी दुसऱ्या शाखेत बदली झालीय. यापुढे इथले प्रमुख हे. माझे दीर आहेत म्हणून नाही हं. हट्टी आहेत, पण कामाला वाघ. यांच्यासाठी मी वरच्यांशी भांडलेय. तुमचं रुग्णालय तेच दाखवतील."

धाकट्याला वहिनीकडे बघवेना.

"घाबरू नका भावजी," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला जमेल."

लाज वाटली खरी, पण घटकाभरच. प्रत होती ना जवळ. कुणाला काही कळणारही नव्हतं. त्यानं घसा खाकरला आणि मोठ्या पडद्यावर आपली प्रत उघडली.

वर ठळक अक्षरांत त्याचं नाव आलं. खाली मजले आले, मजल्यांत खोल्या आल्या. त्यानं पहिली खोली उघडली, मग दुसरी, मग घाईघाईनं वरच्या मजल्यावरची. एकाही खोलीत खाट नव्हती.