देवीचा कौल

शहर पडलं. रोमन सैनिक देवळात शिरले, तेव्हा म्हातारी पुजारीण रामथा मूर्तीला मिठी मारून बसली होती. पण ते अंघोळ करून, हात जोडून आले. जिंकलेल्या शहराची देवीही ते रोमला नेत, मात्र तिला विचारून.

"आई, येतेस ना आमच्याकडे?" सरदार म्हणाला. "मोठं देऊळ बांधू तुला."

देवीची मान हलली. रामथानेही ते पाहिलं, आणि तिची मिठी सुटली. वेढ्यात लेकरं उपाशी मरत असताना याच पायांशी तिने रोज कौल मागितला होता. तेव्हा देवी ढिम्म हलली नव्हती.

मूर्तीची गाडी वेशीबाहेर पडल्यावर रामथा धापा टाकत मागून आली. सरदार शिव्याशाप ऐकायला थांबला.

तिने अंगावरची शाल काढून पुढे केली.

"पहाटे पांघरा तिच्यावर. गारठा सोसत नाही तिला."