कासवाची राखण

ए मिस्त्री, थांब. कुंडलिकचं घर दाखवतो, पळून जात नाही ते. आणि जी गाडी चालू करायला तू वर्तकनगरहून इथे मानपाड्यापर्यंत आलायस, ती तर अजिबात पळत नाही. बस त्या स्टुलावर. बांगड्यांना धक्का लावू नकोस. एक गोष्ट सांगतो. पान्यांची पिशवी उघडायच्या आधी ऐकलेली बरी.

गाडी कुंडलिकची नाही, त्याच्या शेठची. ज्या कारखान्यात कुंडलिक लेथ चालवतो, त्याचा मालक. शेठने नवी मारुती घेतली आणि बापाची जुनी जर्मन बीटल यार्डात गंजत टाकली. मग एक दिवस एकदम बापाचं प्रेम उफाळून आलं. कुंडलिकला म्हणाला, घरी ने, सुट्टीच्या दिवशी खटपट कर, चालू करून दे. दिलदारी बघ, अंगणात शेड घालायला पत्रेसुद्धा दिले. गाडी चालू झाली की गाडी परत, पत्रेही परत. कुंडलिकला काय? शाबासकी!

आळीतल्या पोरांनी गाडीचं नाव ठेवलं कासव. कुंडलिक एवढा हुशार की आधी रेडिएटरच शोधत बसला, पाणी कुठून घालू म्हणून. मग कळलं, ही नुसत्या हवेवर थंड होते. आमच्याकडे नळ येतो तासभर. बादली घेऊन रांगेत न भांडणारी आळीत ही एकटीच. पण पठ्ठ्याने गंज खरवडला, तळाला पत्रा मारला, सीटमध्ये नवा काथ्या भरला. आणि राखणीला बसवला बाप, दामाजी.

आता त्या डबड्याला राखण कशाला? तेव्हा चाकंही नव्हती, विटांवर उभी. चोराला डोक्यावर घेऊन जायला लागली असती. पण त्याचं असं झालेलं. घर एका खोलीचं. कुंडलिकचं लग्न झालं आणि म्हातारा वळकटी उचलून गावदेवीच्या देवळात कट्ट्यावर झोपायला गेला. पहिल्याच थंडीत खोकून खोकून अर्धा झाला. सून शालन बोलवायला गेली, तर हा म्हणतो कसा, "काम असेल तर सांग, येतो. बिनकामाचा सुनेच्या दारात पडायला मी काय कुत्रा आहे?"

मग कासव आलं आणि म्हातारा ड्यूटीवर आला. काठी जवळ घेऊन मागच्या सीटवर पाय दुमडून झोपतो. खोकला पळाला. वर तोरा काय! "फॉरेनची गाडी आहे. जोखीम आहे."

शालनची जीभ म्हणजे पाजळलेली विळी. "मामंजी, घोरायचा ओव्हरटाइम मिळतो का हो?"

"तू भाकऱ्या थाप, पोरी. गाडीतलं तुला काय कळतंय?"

हे रोजचं. आम्हाला वाटायचं, ही बया म्हाताऱ्याला हाकलल्याशिवाय राहत नाही.

दिवाळीच्या तोंडावर कासव फटफटलं. सगळी आळी धुरात. कुंडलिकने नारळ फोडला, शेठला निरोप धाडला. दामाजीने काय करावं? वळकटी बांधली आणि निघाला. "संपली माझी ड्यूटी."

शालन दारात आडवी. "शेठ उद्या येणार. तोवर राखण कोण करणार, मी?"

म्हातारा कुरकुरत परत सीटवर बसला.

त्याच संध्याकाळी शालन माझ्या दुकानात. "काका, नेलपेंट द्या. बिनरंगाचं."

मी म्हटलं, "त्यापेक्षा नळाचं पाणी लाव. आलं तर."

हसली नाही. बाटली पदराला बांधून गेली. आजवर तिच्या नखांना पिठाशिवाय काही लागलेलं मी बघितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ हार घेऊन हजर. कुंडलिकने चावी फिरवली. घर्र घर्र घर्र. ठिणगीच नाही. शेवटी हार शेठच्या मारुतीला घातला आणि ती गेली निघून. दामाजीने वळकटी सोडली.

तेव्हापासून कुंडलिकने प्लग बदलले, कॉइल बदलली, गावदेवीला नवससुद्धा बोलला. एखाद्या रविवारी कासव फटफटतं, सोमवारी परत मेलेलं.

परवा दुपारी मी दामाजीला तंबाखू द्यायला गेलेलो. कुंडलिक कामावर. म्हातारा तोंड उघडं टाकून ड्यूटी करत होता. गाडीच्या मागे इंजिनचं झाकण वर, आणि शालन उकिडवी बसलेली. डिस्ट्रिब्युटरचं टोपण मांडीवर, हातात नेलपेंटचा ब्रश. आतल्या पॉइंटवर हलक्या हाताने फिरवत होती, लग्नातल्या नवरीची नखं रंगवावी तशी. लग्नाआधी ती स्विचच्या कारखान्यात कॉन्टॅक्ट बसवायला होती, हे मी विसरलेलो. कॉन्टॅक्टवर रंग चढला की करंट मेला, एवढं तिला पक्कं माहीत.

तिने मला बघितलं. दचकली नाही. ब्रश बाटलीत घातला, काचेतून म्हाताऱ्याकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाली, "काका, ही संपत आली. आणखी एक बाजूला ठेवा. थंडी अजून बाकी आहे."

तर मिस्त्री, ते निळं दार दिसतंय ना, तेच घर. जा. तू जाणकार माणूस, तुझ्या हातून कासव एका मिनिटात चालू होईल, म्हणून सांगतो. प्लग बघ, कार्बोरेटर बघ, दोनदा मान हलव, शालनच्या हातचा चहा पी. तेवढं ते टोपण उघडू नकोस. आणि कुंडलिकला सांग, पार्ट जर्मनीवरून यायचाय, होळीच्या आत काही मिळत नाही.